पिक्चरच्या नामावलीत नाव कसं येतं, कुठं येतं आणि ते सुटू नये म्हणून काय करायचं

गेल्या दिवाळीनंतर आम्ही वाईजवळ सहा दिवसांत एक ३८ मिनिटांची फिल्म शूट केली. एडिटिंग संपत आलं तशी नामावली करायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून मोबाईल उघडून बसलो तर कॉन्टॅक्टमध्ये काय, 'जनरेटर दादा', 'हलगी काका बावधन', 'स्पॉटदादा २', 'वाडा आजी', 'टेम्पो पाचवड'. सेटवर सगळेच दादा असतात, स्पॉटदादा, लाइटदादा, मेकअपदादा, मायेनंच म्हणतो आपण, पण त्या मायेत नाव विचारायचं राहूनच जातं. ६४ माणसं होती, त्यातल्या १९ जणांचं पूर्ण नाव माझ्याकडे नव्हतं. सहा दिवस ज्यांच्या हातचं जेवलो त्यांचंही नव्हतं.

मला हे जास्त लागलं कारण मी त्या बाजूलाही उभा राहिलोय. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या पिक्चरला मी २३ दिवस आर्ट डिपार्टमेंटमध्ये काम केलं, भिंती सारवण्यापासून बाजाराचा अख्खा सेट लावण्यापर्यंत. साताऱ्यात पिक्चर लागला, शेवटपर्यंत बसलो, नाव नाही. नंतर शोधल्यावर कळलं ते असं की नामावलीची यादी ऑफिसनं पेमेंटच्या यादीवरून केली होती, आणि मला पैसे लोकल कॉन्ट्रॅक्टरकडून कॅश मिळाले होते, म्हणजे त्यांच्या कागदावर मी नव्हतोच. कोणी मुद्दाम नाव काढलं नव्हतं. बहुतेक नावं अशीच सुटतात, कागद नसतो म्हणून. म्हणून आपल्या सातारा-सांगलीकडं जी पोरं फिल्म करतायत किंवा बाहेरून आलेल्या युनिटमध्ये काम करतायत, त्यांच्यासाठी मला जे माहितीय ते सगळं इथं लिहितोय.

आधी नामावली वाचायची कशी ते बघू

सुरुवातीची नामावली आणि शेवटची नामावली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरुवातीला येतात ती मोजकी नावं, एकेक कार्ड, म्हणजे नावाची पाटी, येतं आणि जातं. साधारण क्रम असा असतो की सेन्सॉरचं सर्टिफिकेट, मग आभार, मग प्रस्तुतकर्ते आणि बॅनर, मुख्य कलाकार, फिल्मचं नाव, इतर कलाकार, मग वेशभूषा, कला दिग्दर्शन, ध्वनी, नृत्य, गीतं, संगीत, संकलन, छायांकन, कथा-पटकथा-संवाद, निर्माता आणि सगळ्यात शेवटी दिग्दर्शक. दिग्दर्शकाच्या जितकं जवळ तितकं नाव वजनदार, असा हिशोब. काही फिल्ममध्ये सुरुवातीला फक्त टायटल येतं आणि मोठी कार्डं शेवटी येतात, तेव्हा हाच क्रम उलटा होतो, दिग्दर्शक आधी. हे माहीत नसलं की नवीन पोरं सुरुवातीचाच क्रम शेवटी चिकटवतात आणि दिग्दर्शकाचं नाव येईपर्यंत लोक गाडीच्या किल्ल्या काढून उठलेले असतात.

एका कार्डवर एकटं नाव असणं आणि चार जणांत नाव असणं यातही फरक आहे, नट लोकांच्या करारात ते लिहिलेलं असतं. कलाकारांच्या यादीत शेवटी 'आणि' लावून येणारं नाव हाही मानच, बऱ्याचदा ज्येष्ठ नटासाठी राखलेला.

लेखनाचं बघताना विशेष लक्ष द्या. आपल्याकडं कथा, पटकथा, संवाद ही तीन वेगळी कामं धरतात आणि तीन वेगळी श्रेयं देतात. गोष्ट सुचली ती कथा, सीन कुठल्या क्रमानं येणार आणि प्रत्येक सीनमध्ये काय घडणार ती पटकथा, आणि बोलणं ते संवाद. गावाकडच्या फिल्ममध्ये पटकथा पुण्या-मुंबईच्या लेखकाची असते आणि आपल्याकडचं एखादं पोरगं बसून सगळं बोलणं सातारी करून देतं, आणि त्याला मिळतं काय तर आभारात नाव. आपल्या बोलीत अख्खे संवाद नव्यानं लिहून दिले असतील तर ते संवादाचंच श्रेय आहे, अर्धं केलं असेल तर अतिरिक्त संवाद. हॉलिवूडमध्ये तर याचे इतके बारीक नियम आहेत की दोन लेखकांच्या नावांमध्ये अँड हा शब्द अक्षरांत लिहिलाय की त्याचं वळणदार चिन्ह (&) टाकलंय यावरून कळतं त्यांनी जोडीनं लिहिलं की एकामागून एक. चिन्ह असेल तर जोडी, शब्द असेल तर वेगवेगळं काम. तिथली लेखकांची गिल्ड, म्हणजे संघटना, भांडण झालं तर सगळे मसुदे वाचून श्रेय कुणाचं ते ठरवते.

एवढं महत्त्व का द्यायचं

काम मिळतं हे पहिलं कारण, नवीन ठिकाणी गेलं की विचारतातच काय केलंय, दाखव. पण त्याच्या पलीकडंही आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात परफॉर्मर म्हणजे कोण याची व्याख्या आहे. त्यात नट, गायक, वादक, नर्तक तर आहेतच, डोंबारी काम करणारे आणि अगदी साप खेळवणारा गारुडीसुद्धा लिहिलाय. २०१२ ला दुरुस्ती झाली तेव्हा या व्याख्येला एक पुस्ती जोडली. फिल्ममध्ये ज्याचं काम किरकोळ किंवा ओघानं आलेलं आहे आणि इंडस्ट्रीच्या रीतीप्रमाणं ज्याचं नाव नामावलीत किंवा कुठंच दिलं जात नाही, त्याला परफॉर्मर धरायचं नाही. फक्त त्याच्या कामाची मोडतोड करून बदनामी झाली तर तो दाद मागू शकतो, तेवढं एक शिल्लक ठेवलंय. आणि परफॉर्मर धरलं तर काय मिळतं, तर आपलं काम म्हणून ओळख मिळण्याचा हक्क आणि कामाचा व्यावसायिक वापर झाला तर रॉयल्टीचा हक्क. म्हणजे बघा, आमच्या बावधनच्या काकांनी मिरवणुकीच्या सीनला लाइव्ह हलगी वाजवली, तोच ट्रॅक आम्ही फिल्मभर वापरला, आणि त्यांचं नाव टाकलं नसतं तर उद्या कोणी म्हणू शकलं असतं की हे गर्दीतले एक. नाव नसलं की हक्क लगेच गेला असं नाही, दोन्ही अटी एकत्र बघतात, पण नाव असलं की तो वाद उभाच राहत नाही.

लेखक, गीतकार, संगीतकार यांच्यासाठी याच कायद्याचं कलम ५७ आहे. कॉपीराइट विकून टाकला तरी हे मी लिहिलंय असं म्हणण्याचा हक्क त्यांच्याकडंच राहतो. पण कॅमेरामन, एडिटर, लाइटवाले, मेकअप, स्पॉट यांच्यासाठी असं थेट काही नाही, कायद्याच्या दृष्टीनं फिल्मचा ऑथर निर्माता असतो, दिग्दर्शकसुद्धा नसतो. म्हणून तांत्रिक कामं करणाऱ्यांना लेखी कराराशिवाय आधार नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा.

आणि नावासाठी मोठमोठ्यांनाही झगडावं लागलंय. लतादीदींचं लहानपण काही वर्षं आपल्या सांगलीत गेलं, त्यांच्या 'महल' (१९४९) मधल्या गाजलेल्या गाण्याची रेकॉर्ड आली तेव्हा गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. लोकांनी रेडिओला विचारून विचारून ते नाव बाहेर काढायला लावलं. पुढं फिल्मफेअरनं पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू करावा म्हणून त्याच अडून बसल्या आणि १९५९ पासून तो मिळायला लागला. सलीम-जावेद यांनी 'जंजीर'च्या (१९७३) पोस्टरवर लेखकांचं नाव नव्हतं म्हणून पेंटर लावून मुंबईतल्या पोस्टरांवर स्वतःची नावं रंगवून घेतली. आणि अमेरिकेत पटकथालेखक डाल्टन ट्रंबो, कम्युनिस्ट म्हणून काम न देण्याच्या काळ्या यादीत होते म्हणून 'रोमन हॉलिडे'ची (१९५३) कथा मित्राच्या नावावर गेली, ऑस्करही मित्राच्या नावावर, गिल्डनं पटकथेचं पूर्ण श्रेय परत दिलं ते २०११ मध्ये. माणूस १९७६ लाच गेला होता.

आपल्या भागाचं आणखी एक आहे. 'स्वदेस'मध्ये मेणवलीचं चरणपूर झालं, 'दबंग'मध्ये वाईचं लालगंज. गोष्टीची गरज असते ती, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग गावाचं खरं नाव यायला जागा एकच उरते, नामावली. म्हणून तुमची फिल्म असेल तर गाव लिहा, आणि नीट लिहा, मेणवली, ण बाणातला. मेनवली नाही.

आता प्रत्यक्ष कसं करायचं

शूटिंगच्या पहिल्या दिवसाआधी एक शीट उघडा, गूगल शीट असो नाहीतर शंभर पानी वही. रकाने एवढेच: नाव मराठीत, नाव इंग्रजीत, नेमकं काम, किती दिवस, फोन, नाव तपासलं का. जो माणूस सेटवर येईल त्याचा पहिला चहा व्हायच्या आत त्याची ओळ भरायची. हे काम एकाच माणसाला द्या, शक्यतो थर्ड एडीला (तिसऱ्या सहायक दिग्दर्शकाला) किंवा प्रॉडक्शनमधल्या मुलाला, सगळ्यांचं काम म्हटलं की कोणीच करत नाही. ऐनवेळी आलेला टेम्पोवाला, एका दिवसासाठी बदली आलेला फोकस पुलर (कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा), शेजारच्या गावातून आणलेले बैल आणि त्यांचा मालक, सगळे त्यात आले पाहिजेत. (बैलांचं निघालंच तर, फिल्ममध्ये जनावर असेल तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी लागते, ती नसेल तर सेन्सॉरला अडतं, शूटिंगच्या आधी अर्ज करा.)

तुम्ही काम करणारे असाल तर श्रेयाचं बोलणं पैशाच्या बोलण्याबरोबरच करायचं, पॅकअपला नाही. मोठा करार कोणी देत नसेल तर साधा मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज टाका आणि समोरून 'हो' घ्या. मी आता हे असं पाठवतो, हवं तर कॉपी करा:

"आपलं ठरल्याप्रमाणे मी या फिल्मसाठी अमुक तारखेपासून कला विभागात सहायक म्हणून काम करतोय. फिल्मच्या शेवटच्या नामावलीत 'कला दिग्दर्शन सहायक' या पदाखाली माझं नाव पुढील स्पेलिंगनं येईल, आणि थिएटर, टीव्ही, ओटीटी अशा सगळ्या आवृत्त्यांत राहील. चुकून राहिलं तर लेखी कळवल्यावर पुढच्या सगळ्या प्रतींमध्ये दुरुस्त केलं जाईल. कृपया होकार कळवा."

शेवटून दुसरं वाक्य सोडू नका. निर्मात्यांच्या करारात बहुतेक वेळा लिहिलेलंच असतं की नजरचुकीनं श्रेय राहिलं तर तो करारभंग नाही. त्यामुळं भरपाई मागण्यापेक्षा दुरुस्तीचं बंधन आधीच घेतलेलं जास्त कामाला येतं. आणि पैसे कॉन्ट्रॅक्टरमार्फत येत असतील तरी हा मेसेज प्रॉडक्शनच्या माणसाला गेला पाहिजे, माझी चूक तिथंच झाली होती. रोजच्या कॉल शीटचा, म्हणजे कोणी कधी कुठं यायचं त्या कागदाचा, फोटोही ठेवत जा.

लेखक असाल तर कथा कुणाला ऐकवायच्या आधीच मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन स्क्रिप्ट ऑनलाइन रजिस्टर करा, साताऱ्यातून घरबसल्या होतं. गाणी करत असाल तर रॉयल्टी गोळा करणारी संस्था आयपीआरएस आहे, तिथं नाव नोंदवा आणि नामावलीतलं स्पेलिंग आणि तिथलं स्पेलिंग एकच ठेवा.

नावं तपासणं, यात सगळ्यात जास्त वेळ द्या

आम्ही काय केलं, प्रत्येकाला फोन केला आणि सांगितलं, तुमचं नाव पडद्यावर जसं यावं वाटतं तसं बोलून व्हॉइस मेसेज करा. तीन संध्याकाळी गेल्या त्यात, पण जे हाताला लागलं ते कुठल्या फॉर्मनं लागलं नसतं. स्वयंपाक करणाऱ्या काकूंच्या घरी फोन केला तर त्यांच्या मिस्टरांनी सांगितलं, "लिहा सौ. आणि माझं नाव." मी म्हटलं काकूंनाच द्या की जरा. त्या फोनवर आल्या, थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत, मागं कुकरची शिट्टी झाली, मग म्हणाल्या, "सौ. नको. नुसतं माझं नाव लिहा, आन् आडनाव." आणि एकेक अक्षर सावकाश सांगितलं, जोडाक्षरासकट. जनरेटर दादांनी व्हॉइस मेसेजमध्ये नाव सांगितलं आणि पुढं म्हणाले माझ्याबरोबर पुतण्या होता दोन रात्री, त्याचं टाकलं तरी चालेल. मी दोघांची टाकली.

यातून निघालेल्या काही गोष्टी. बाईचं नाव तिलाच विचारायचं, माहेरचं आडनाव लावते की सासरचं ते आपण ठरवायचं नाही. श्री., सौ. काढायचं असेल तर सगळ्यांचंच काढा. शूटिंगनंतर कोणी गेलं असेल तर 'कै.' लावायचं का ते घरच्यांना विचारून. गर्दीत उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांची नावं घेता येत नसतील तर 'समस्त ग्रामस्थ' आणि गावाचं नाव, पण लेझीम पथकातली वीस पोरं असतील तर वीसच्या वीस नावं लिहा, जागा काही कमी नाही. आभारात पोलीस स्टेशन, ग्रामपंचायत, देवस्थान ट्रस्ट, एसटी आगार यांची नावं त्यांच्या लेटरहेडवर असतात तशीच घ्या. एकाच पदाखाली अनेक नावं असली तर अकारविल्हे लावा आणि ते सगळ्यांना आधीच सांगा, क्रमावरून होणारी निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

यादी तयार झाली की सगळ्यांना पीडीएफ पाठवा आणि तारीख द्या, या तारखेपर्यंत चूक सांगा. आमच्याकडं ११ दुरुस्त्या आल्या, त्यातल्या चार आडनावाच्या.

पडद्यावर चढवताना

मराठी नामावलीत खरा घोळ इथं होतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेलं की सगळी अक्षरं बदलतात, म्हणून पहिल्यापासून युनिकोड, म्हणजे सगळीकडं सारखीच राहणारी अक्षरं. मुक्तासारखे चांगले मराठी फॉन्ट फुकट आहेत. प्रीमियर किंवा आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन टेक्स्टसाठी साउथ एशियन पर्याय निवडा, तो नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडं जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उघडी पडतात. मग कऱ्हाडमधला अर्धा र बघा, बऱ्याच फॉन्टमध्ये तो रफार होऊन ह वर चढतो. गोऱ्हे, बऱ्हाटे, तऱ्हा, असे शब्द लिहून फॉन्टची परीक्षा घ्या आणि मगच तो पक्का करा. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का तेही बघा.

रोल, म्हणजे शेवटची सरकती नामावली, वर जाते तेव्हा अक्षरं थरथरताना दिसतात बघा कधीकधी. त्याचं कारण असं की प्रत्येक फ्रेमला अक्षर पूर्ण पिक्सेल सरकत नाही, मधेच अडीच, पावणेतीन असं सरकतं. गणित सोपंय. एका ओळीला ५४ पिक्सेल उंची धरा, रिकाम्या जागा धरून १४० ओळी झाल्या तर ७५६०. त्यात स्क्रीनची उंची १०८० मिळवा, ८६४०. दर फ्रेमला ३ पिक्सेल सरकवलं तर २८८० फ्रेम, आणि सेकंदाला २४ फ्रेमनं बरोबर २ मिनिटं. प्रत्येक नाव पडद्यावर १५ सेकंद राहतं, आरामात वाचून होतं. दर फ्रेमला ४ केलं तर रोल ९० सेकंदांत संपतो आणि नाव सव्वाअकरा सेकंद राहतं, तेही चालतं. २ केलं तर ३ मिनिटं, गाणं लांब असेल तर घ्या. पण हा आकडा पूर्णच ठेवा. गाण्याच्या लांबीत बसवायला रोल ताणू नका, ओळींमधली जागा कमीजास्त करा. कडेला चारही बाजूंनी दहावा हिस्सा मोकळा सोडा. आणि मोबाईलवर लावून बघा, कारण आपले बहुतेक लोक तिथंच बघणार, पांढरं बारीक अक्षर काळ्यावर मोबाईलला पुसट होतं.

शेवटची तपासणी ज्यानं यादी केली त्यानं करू नये, डोळा सरावलेला असतो. एकानं मूळ शीट मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं पडद्यावर बघायचं. हे सेन्सॉरला द्यायच्या आधी, कारण सर्टिफिकेट मिळाल्यावर फिल्ममध्ये काहीही जोडलं-काढलं तर बोर्डाला कळवावं लागतं, आणि थिएटरसाठी डीसीपी, म्हणजे दाखवायची डिजिटल प्रत, बनून गेली की एका काना-मात्रेसाठी परत खर्च येतो.

रिलीजनंतर

तुमचं नाव ज्या सेकंदाला येतं तो टाइमकोड लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढा, मेलवर स्वतःलाच पाठवा. ओटीटीवर नामावली सुरू झाली की पुढचं काहीतरी लागतं, तेव्हा क्रेडिट्स बघायचं बटण दाबूनच शॉट मिळतो. मग आयएमडीबी या फिल्मच्या माहितीच्या वेबसाइटवर नोंद करा, तिथं पडद्यावर आलंय तसंच श्रेय टाकायचं असतं, आपल्या मनानं पद वाढवायचं नाही. स्पेलिंग पडद्यावर वेगळं असेल तर तसं दाखवायची सोय आहे. पुरस्काराच्या फॉर्मवरही पडद्यावरचंच नाव आणि पद भरा.

आणि नाव राहिलंच असेल तर फेसबुकवर लिहायच्या आधी प्रॉडक्शनला मेल करा, बरोबर तो होकाराचा मेसेज, कॉल शीटचे फोटो आणि नाव नेमकं कसं व कुठल्या पदाखाली हवं ते. वेळ फार महत्त्वाची आहे, फिल्म टीव्हीला किंवा ओटीटीला जायची असते तेव्हा नवीन मास्टर, म्हणजे मूळ प्रत, बनतो, त्याच्या आधी मेल पोचला तर दुरुस्ती सोपी असते. ते ऐकत नसतील तर तुमच्या कामाची जी असोसिएशन आहे तिच्याकडं लेखी तक्रार, पण त्यासाठी सभासद असावं लागतं.

माझ्या त्या २३ दिवसांच्या पिक्चरच्या वेळी मी मेल केला तेव्हा ओटीटीचा मास्टर जाऊन दोन आठवडे झाले होते. कंपनीनं लेटरहेडवर कामाचं पत्र दिलं, तेवढं झालं. आयएमडीबीवर माझी नोंद आहे, नाव, पद, आणि कंसात अनक्रेडिटेड, म्हणजे पडद्यावर नाव नाही. काम मिळतं त्यावर, पण दरवेळी आधी ते पत्र काढून दाखवावं लागतं.